सोमवारचं पाणी

टेंबवाडी, गारगोटीच्या पुढं
९ फेब्रुवारी २०२५

सईताई,

पोचलो एकदाचा. गारगोटीला गाडी बदलायची होती, तर तिथं बाजार भरलेला, आणि बाजारात एक माणूस बैलांच्या गळ्यातल्या घंटा विकत होता. एकेक घंटा वाजवून बघता बघता गाडी गेली. दुसरी गाडी दुपारची. तोवर घंटा विकणाऱ्यानं मला चहा पाजला आणि दुकान माझ्यावर टाकून जेवायला गेला. असो.

तुझा झरा बघितला. खरं सांगू? तू दोन वर्षं ज्याच्या मागं लागलीयस तो एवढुसा असेल असं वाटलं नव्हतं. सड्याच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठाराच्या, पायथ्याला जांभ्या दगडात एक भेग, तिच्यातनं मनगटाएवढी धार, खाली दगडी कुंडी, कुंडीच्या खाचेतनं पाणी पुढं वाडीकडं. वर चढावर सगळं ऐनाच्या झाडांचं रान. कुंडीतल्या नळीत तुझं पाणी मोजायचं यंत्र सुखरूप आहे. शेजारची पाण्याची उंची बघायची पट्टी पण आहे. आणि तू जिच्यावरनं घसरून पाय मोडून घेतलास ती पायरीही बघितली. शेवाळ धरलेली, मध्ये झिजून गुळगुळीत. तिच्यावर जरा वेळ बसलो. राग आला तिचा.

तुझं नाव सांगितल्यावर जोतीराम आबांनी पडवीत जागा दिली.

"त्या पाय मोडलेल्या बाईंचं कोन तुमी?"

"मावसभाऊ."

"मंजे शिकलेलं असनार."

"न्हाय आबा, अर्धवट."

"बरं झालं. मंजे काम करशीला."

आता मी निघताना तू जे सांगितलंस ते माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर सांग. पाऊस थांबला की झरा रोज थोडा थोडा आटत जातो. हे कुणालाही पटेल. पण गेल्या वर्षी फेब्रुवारी संपताना तो उलटा वाढायला लागला. वरनं थेंब नाही, आणि पाणी वाढतंय. मार्चअखेर यंत्राची बॅटरी संपली, त्यामुळं पुढं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. तुझे हंबीरराव सर म्हणतात, यंत्र बिघडलंय, तेवढा भाग प्रबंधातनं कापून टाक. तू म्हणतेस, कापला तर प्रबंधात राहतंय काय?

आबांना विचारलं. म्हणाले, "वाढतंय की. शिमगा आला की वाढतंय."

"का पण?"

"शिमगा आला म्हणून."

तर यंत्र शहाणं आहे एवढं नक्की.

आता आपला खेळ. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून खेळायचो तो. मी म्हणायचो "समजा", तू म्हणायचीस "मग?" आणि तुझ्या "मग"पुढं माझं समजा टिकलं तर भेळ तुझ्याकडनं. कधी टिकलं नाही ते सोड. तर समजा मी पाणी आहे. सड्याच्या पोटात एक मोठी टाकी आहे, आणि तिला वाकडी नळी. कागलला हेल्पर होतो तेव्हा आम्ही गाडीतलं पेट्रोल असंच काढायचो, नळी तोंडानं ओढून. एकदा ओढलं की आपोआप वाहतं. टाकी भरून मी त्या वाकणाच्या वर गेलो, की सुटलो.

म्हण आता.

(फोनचं विचारू नको. आजऱ्याला काजूच्या कारखान्यात तो चिकाच्या डब्यात पडला. इथं तशीही रेंज नाही. पोस्टमन आठवड्यातनं दोनदा येतो, आणि गप्पिष्ट आहे.)

अभ्या


कोल्हापूर
१४ फेब्रुवारी

अभ्या,

मग पाणी एकदम वाढलं असतं आणि एकदम थांबलं असतं. तुझ्या पेट्रोलसारखं. माझ्या नोंदीत ते हळूहळू चढतंय, कुणीतरी दार सावकाश उघडावं तसं. शिवाय पाऊस नसताना टाकी भरली कशानं? भेळ राहिली.

प्लास्टर अजून महिनाभर. खिडकीत बसवलंय मला माईनं. समोर गल्लीतलं बदामाचं झाड, खाली भाजीवाला, आणि मांडीवर आकडे. खिडकीतनं दिसेल तेवढं जग.

तुला तिथं कल्पना लढवायला पाठवलेलं नाही रे. सर परवा घरी येऊन गेले. म्हणाले, "सई, तुझ्याकडं गोष्टी खूप आहेत. मला आकडा दे." बरोबरच आहे त्यांचं. तू एवढंच कर. रोज सकाळी पट्टी वाच आणि लिहून ठेव. यंत्र एक सांगतंय आणि माणसाचा डोळाही तेच सांगतोय, एवढं दाखवता आलं तरी ते बिघडलंय असं कुणी म्हणणार नाही.

खेळ पुरे. पट्टी वाच.

सई

ता. क. अभिराम, मी माई. मावशीचं काळीज म्हणून विचारते, जेवणाचं काय करतोस? लोकांच्या घरी किती दिवस खाणार? सोबत शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, पोस्टातनं जाते म्हणाले. भिजली तर टाकून दे.


टेंबवाडी
१८ फेब्रुवारी

सईताई,

चटणी पोचली. पोस्टमननं वास घेऊन ओळखली, त्यामुळं अर्धी त्याला द्यावी लागली.

काल इथं मार खाता खाता वाचलो. शर्ट मळला होता म्हणून दुपारी झऱ्यावर धुवायला नेला. साबण लावला, दगडावर आपटला, तोच वरनं आबा ओरडले, "ओ पावणं! काय चाललंय काय? सोमवार हाय न्हवं आज?"

मला वाटलं, काहीतरी सण आहे. तसं नाही. ही वाडी सोमवार पाळते. सोमवारी औताला बैल जुंपत नाहीत आणि झऱ्यावर कुणी जात नाही. धुणं नाही, घागर नाही, गुरं नाहीत. प्यायचं पाणी रविवारीच भरून ठेवतात. झऱ्याला पण एक दिवस विसावा, असं आबा म्हणतात. मला कुणी सांगितलंच नव्हतं. साबणाचा शर्ट तसाच खांद्यावर टाकून वर आलो, तो वाळून पापडासारखा कडक झाला. आबांची नात मला आता "साबणमामा" म्हणते.

पण त्या गडबडीत एक गोष्ट दिसली. तू सकाळी पट्टी वाच म्हणालीस. मी वाचतो. पण एकदा सकाळी राहिलं (वाटेत खंड्याचं बीळ दिसलं, नदीकडच्या दरडीत, तो मासा घेऊन आत जातो की बाहेर खातो ते बघत बसलो), म्हणून दुपारी वाचली. तर पाणी बोटभर खाली. म्हटलं चुकलं. मग रोज दोन्ही वेळा बघायला लागलो. सकाळी वर, दुपारी खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत वर. झरा जसा काही श्वास घेतोय.

म्हटलं, समजा मी दगड आहे. उन्हानं तापलो, फुगलो, तर माझ्या भेगांतलं पाणी पिळून बाहेर पडेल. भारी वाटलं. तासभर खूश होतो. मग माझ्याच लक्षात आलं, अरे, मग दुपारी पाणी वाढायला पाहिजे. इथं तर कमी होतंय. तुझ्या आवाजात "मग?" ऐकू आलं बघ.

सोमवारीसुद्धा कमी झालं होतं. साबण हातात होता तेव्हाच पट्टी बघितली.

अभ्या


कोल्हापूर
२३ फेब्रुवारी

अभ्या,

तुझं पत्र वाचून मी उठायला गेले. प्लास्टर विसरून. माईनं पकडलं म्हणून बरं.

ऐक. यंत्र दिवसभर मोजतं, पण मी दरवेळी अख्ख्या दिवसाची सरासरी काढत आले. तशीच पद्धत आहे. सकाळची उंची आणि दुपारची उंची मिसळून एक आकडा. तुझा श्वास त्या सरासरीत बुडून गेला होता. मी तिथं यायचे ती दुपारच्या गाडीनं आणि परतायचे संध्याकाळच्या, त्यामुळं डोळ्यांनीही कधी बघितलं नाही.

मी सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "दुपारी बायका धुणं धुतात, पाणी भरतात. कमी होणारच." मी फोन ठेवला. आणि तुझं पत्र परत उघडलं. सोमवार!

गेल्या वर्षीच्या नोंदींतले फक्त सोमवार वेगळे काढले. अभ्या, जानेवारीतल्या प्रत्येक सोमवारी दुपारी पाणी खाली गेलंय. झऱ्यावर चिटपाखरू नसताना. असा प्रयोग मला मुद्दाम करायचा म्हटला असता तर गावाला विनवण्या कराव्या लागल्या असत्या, आणि हे लोक तो दर आठवड्याला करतायत.

सोमवारी दुपारी कोण पाणी पितंय? माझं डोकं चालेना. तू सांग काहीतरी. कितीही खुळ्यासारखं असलं तरी चालेल.

सई

ता. क. अभिराम, ती आत औषध घेतीय तोवर लिहिते. सईला कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी मिळालीय, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. पंधरा एप्रिलला हजर व्हायचंय. तुला बोलली नसेल. मला फार बरं वाटलं बघ, पाय मोडून डोंगरात पडण्यापेक्षा. तेवढं तू तिला आता झऱ्याचं खूळ लावू नको. शहाणा ना तू. माई


टेंबवाडी
२८ फेब्रुवारी

सईताई,

माईनं खाली लिहिलेलं वाचलं. अभिनंदन.

नोकरी चांगलीच असणार. कागलला मी होतो, रस्ते मोठे आहेत, कँटीन बरं असतं. तू ओळखपत्र गळ्यात घालून जाशील, छान दिसेल.

फक्त एक विचारतो. नोकरी ठरली होती तर मला इथं कशाला बसवलंस? "अभ्या मोकळाच फिरतोय, लावू काहीतरी कामाला," म्हणून? तसं असेल तर सरळ सांगायचं होतं. मला वाटलं, मी कुणाच्या तरी उपयोगी पडतोय. मी इतके दिवस एका जागी कधी राहिलो नव्हतो गं.

सोमवारी पाणी कोण पितं ते मला ठाऊक नाही. काही सुचत नाही. इथं आता बसवतही नाही. ऐनांनी पानं टाकायला घेतलीत. पडवीवर मस्त सावली होती, ती गेली. पाचोळ्यातनं चाललं की एवढा आवाज होतो की सगळ्या वाडीला कळतं साबणमामा निघाला. कुंडीत पानं पडून खाच तुंबते, ती रोज उपसायची. कंटाळा आला.

आजऱ्याला काजूचा हंगाम सुरू होतोय. मी निघतो उद्या. यंत्र आबांच्या नजरेखाली आहे.

आणि हो, पाणी वाढायला लागलंय. परवापासनं. तुला आता त्याचा काय उपयोग म्हणा.

अभिराम


कोल्हापूर
६ मार्च

अभ्या,

तू तिथं असशील की नाही माहीत नाही. आबांच्या पत्त्यावरच पाठवते, ते ठेवतील.

नोकरीचं लपवलं. तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, "मग झरा?" आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. सर म्हणतात कापून टाक, घरात सगळे म्हणतात नोकरी घे, आणि मोडलेला पाय घेऊन मी कुणाला काय समजावणार? तुला पाठवलं ते कामाला लावायला नव्हे. माझ्या जागी दुसरं कुणी बघावं असं वाटलं तेव्हा एकच नाव आलं डोक्यात. मी आकडे बघते. तू घंटा, खंड्या, पोस्टमन, सगळं बघतोस. मला तेच हवं होतं.

आणि आता ऐक. तुझं रागाचं पत्र परत परत वाचलं. रागात तू मुद्दा सोडून पडवीवरच्या सावलीवर गेलास. तेवढ्यात समोरच्या बदामाचं एक लाल पान गळून भाजीवाल्याच्या टोपलीत पडलं. तो म्हणाला, "झाड सुटलं आता." मला तुझी गेलेली सावली आठवली.

आज "समजा" मी म्हणते.

समजा मी ऐन आहे. सड्याखालच्या चढावर उभी. माझी मुळं त्याच भेगांत, जिथनं झऱ्याचं पाणी येतं. ऊन चढलं की माझी पानं तापतात आणि मी पाणी वर ओढायला लागते. भर दुपारी सगळ्यात जास्त. अख्खं रान ओढतं. झऱ्यापर्यंत पोचतं ते आमचं पिऊन उरलेलं. सूर्य मावळला की आम्ही थांबतो, पहाटेपर्यंत झरा परत भरतो. सोमवार पाळायचं आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आणि मग ऊन कडक होतं, मी पानं टाकून देते. पानं नाहीत, म्हणजे तहान नाही. माझा वाटा मी सोडला.

दोन वर्षं मी विचारत होते, जास्तीचं पाणी आलं कुठून? ते कुठूनच आलं नाही, अभ्या. कुणीतरी प्यायचं थांबलं.

गेल्या वर्षीचे मार्चमधले सोमवार काढले. पाणी वाढलेलं, आणि रेघ सपाट. दुपारचा खड्डाच नाही! श्वास थांबलेला.

सरांना सांगितलं. त्यांनी सोमवारचे आकडे परत एकदा वाचून दाखवायला लावले. मग म्हणाले, "गोष्ट सुंदर आहे. आता ती मोडते का बघ. नाही मोडली तर माझ्याकडं ये." ते चिडले नव्हते. मला वाटतं, त्यांनाही ती मोडू नये असं वाटत होतं.

पण मी खिडकीत बसून झाड झालेय. स्वतःचं समजा स्वतःला गोडच वाटतं. आता "मग?" कोण म्हणणार?

सई


टेंबवाडी
१७ मार्च, सोमवार

सईताई,

मी म्हणतो की.

आजऱ्याहून काल आलो. काजू फोडून हात काळे झालेत, हे पत्र मळकं दिसेल. तिथं मन लागलं नाही. कारखान्यात खिडकीजवळ बसायचो आणि बाहेरच्या झाडांना पानं किती ते बघत बसायचो, मुकादम शिव्या घालायचा. शेवटी म्हणाला, "तुला झाडंच बघायची असतील तर झाडाखाली जा की लगा." आलो.

आबांनी तुझं पत्र देवळीत गणपतीच्या मागं ठेवलं होतं. तिथंच उभ्यानं वाचलं. मग वर रानात जाऊन एका ऐनाला टेकून बसलो. साल सुसरीच्या पाठीसारखी. वर बघितलं तर नुसत्या फांद्या आणि आभाळ. हे एवढे मोठे मोठे बाप्ये तोंड बंद करून उपाशी उभे आहेत, आणि त्यांच्यामुळं खाली बायकांची घागर लवकर भरते. ताई, मी या झाडाखाली वीस दिवस झोपा काढल्या. मला का नाही दिसलं? मी पाणी झालो, दगड झालो, झाड झालो नाही.

मी गेल्यापासनं काल येईपर्यंतच्या नोंदी मोकळ्या आहेत. मागचं पुढचं बघून भरता आल्या असत्या. कसं असेल ते डोळ्यांसमोर दिसतंय. पण बघितलं नाही ते नाही. मोकळंच ठेवतो, नक्कल सोबत पाठवतोय.

तर, मग? मग पालवी फुटली की? पानं आली की त्यांना तहान लागणार. पाऊस यायच्या कितीतरी आधी. तेव्हा पाणी भरभर उतरायला पाहिजे, आणि दुपारचा खड्डा परत पडायला पाहिजे. सोमवारीसुद्धा. पालवी आली आणि पाणी तसंच राहिलं, तर तुझा ऐन खोटा.

म्हटलं. आता मलाच भीती वाटतीय.

मी थांबतो इथं पालवी येईपर्यंत. आबांना सांगितलंय. ते म्हणाले, "ऱ्हावा की. पन सोमवार पाळायचा."

अभ्या


कोल्हापूर
२३ मार्च

अभ्या,

हाच तो "मग". गेल्या वर्षी बॅटरी संपली नसती तर उत्तर माझ्याकडं असतं. नवी बॅटरी सोबत पाठवतेय, चटणीच्या डब्यात, म्हणजे पोस्टमन नीट सांभाळेल. पण यंत्राला पालवी दिसत नाही. ती तूच बघायचीस. कुठल्या दिवशी कळी, कुठल्या दिवशी पान, सगळं.

मोकळ्या रकान्यांबद्दल काय लिहू? सरांना दाखवले. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "याला जपून ठेव."

प्लास्टर निघालं. पाय वाळलेल्या शेंगेसारखा दिसतोय. काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेले.

कागलला पंधरा तारखेला हजर व्हायचंय. थोडं पुढं ढकलता येईल का विचारलं, नाही म्हणाले. ऐनाला पालवी त्याआधी आली आणि पाणी उतरलं, तर मी नोकरी सोडून देईन, सरळ. नाही आलं तर… तुझ्या पत्राची वाट बघते.

सई


टेंबवाडी
१० एप्रिल

सईताई,

हे पत्र लिहायला बसून उठून दोन दिवस गेले.

ऐनाच्या टोकांना कोंब आलेत. लालसर, पोपटाच्या चोचीएवढे. पान म्हणावं असं एकही नाही. रोज बघतो. आबांची नात माझ्या खांद्यावर चढून जवळनं बघून सांगते, "साबणमामा, झोपलंय अजून."

पाणी होतं तेवढंच आहे. सकाळी तेवढंच, दुपारी तेवढंच.

तुला काय ऐकायचंय मला ठाऊक आहे. "उतरलं," एवढा एक शब्द लिहिला की तू कागलला जाणार नाहीस. आणि मला खात्री आहे गं, आठ-पंधरा दिवसांनी ते खरं होणारच आहे. मला ते दिसतंय. पानं मोठी झालेली, वाऱ्यावर सळसळतायत, कुंडीतलं पाणी खाली गेलंय. एवढं स्पष्ट दिसतंय की काल पट्टी बघताना क्षणभर मला पाणी खाली वाटलंसुद्धा. डोळे पुसून परत बघितलं. नव्हतं.

तर हे असं आहे. मला जे दिसतंय ते अजून झालेलं नाही. ते तुला झालं म्हणून कसं पाठवू? खेळात मी इतकं खोटं बोललो, पण तेव्हा तुला माहीत असायचं की हे समजा आहे.

नोकरीचं तू ठरव. मी तुला थांब म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं, ते वेगळं.

अभ्या


कोल्हापूर
१६ एप्रिल

अभ्या,

मी काल कागलला गेले नाही.

तुझं पत्र बाराला दुपारी आलं. वाचून आधी रडले, मग माईनं केलेला शिरा खाल्ला. संध्याकाळी रंकाळ्यावर गेले, काठी टेकत, आपल्या कट्ट्यावर बसले. मी तुला लिहिलं होतं, उत्तर होय आलं तर नोकरी सोडीन. किती खुळी अट. उत्तर ठाऊक झाल्यावर थांबायचं, तर मग थांबण्यात काय उरलं? मला कळलं की उत्तर "नाही" आलं तरी ते मलाच बघायचंय. ऐन खोटा निघाला तर का निघाला ते बघायचंय. त्या प्रयोगशाळेत बाटलीतलं पाणी येईल, ते मी तपासेन, पण ते कुठनं आलं आणि कुणाचं पिऊन उरलं हे मला कुणी विचारणार नाही.

त्यांना कळवून टाकलं. तू खोटं लिहिलं असतंस तर मी आनंदानं थांबले असते, आणि पुढं कधीतरी कळलं असतं. तेव्हा झराही गेला असता आणि तूही. 

पायात अजून जोर नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात येते. त्या पायरीची मात्र धास्ती आहे. स्वप्नात पण घसरते.

सई

ता. क. अभिराम, माझं कुणी ऐकत नाही. दोन दिवस मी बोलले नाही तिच्याशी. आज सकाळी तुळशीला पाणी घालत होते तर काठी टेकत आली आणि विचारते, "माई, तुळस दुपारी जास्त पिते का गं?" मी म्हटलं, मी कधी विचारलं नाही तिला. मग दोघी दुपारी कुंडीपाशी बसून राहिलो, माती बघत. भाजी करपली. तुमच्या दोघांच्या नादानं मला पण खूळ लागणार. तिला सांभाळून ने त्या पायरीवरनं. माई


टेंबवाडी
२९ एप्रिल

सईताई,

आज मुद्द्यापासनं सुरुवात करतो, कारण बाकीचं तू नंतरच वाचशील.

उतरलं.

वीस तारखेच्या पुढं कोंब फुटले ते एकदमच. दोन-तीन दिवसांत रानाचा रंग बदलला. आधी तांबूस, मग पोपटी, आता हिरवं. पडवीवर सावली परत आली. आणि पट्टीवर पाणी रोज खाली. पोस्टमन म्हणाला, "ह्या वर्षी ऊन लई, म्हणून." म्हटलं, बघू. सोमवारची वाट बघितली.

काल सोमवार. पाण्याला हात लावायचा नाही, या बोलीवर आबांनी जाऊ दिलं. पहाटे जाऊन कुंडीपाशी बसलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही. माझ्यासारखा माणूस, दिवसभर, एका जागी. खंड्या दोनदा आला, मी बघितलंसुद्धा नाही. झऱ्यावर कुणी नाही. घागर नाही, गुरं नाहीत, वाराही नाही. ऊन चढलं आणि पट्टीवर पाणी हळूहळू खाली सरकायला लागलं. ताई, मी ते सरकताना बघितलं. वर मान करून बघितलं तर कोवळी पानं चमकतायत. अंगावर काटा आला. एवढं मोठं रान माझ्या डोक्यावर बसून पाणी पितंय आणि घोटाचा आवाज नाही. संध्याकाळी ऊन गेलं, आणि पाणी परत चढायला लागलं.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. झाडं पितात, म्हणून झरा आटतो, आणि शिमग्याला पानं झडतात, म्हणून वाढतो. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, मग तोडूया चार झाडं. ते म्हणाले, "पिऊंदेत की. त्यांनी जायाचं कुटं?"

हे सरांना सांग. कुठं घालता येतं का बघ प्रबंधात.

यंत्रातलं कार्ड सोबत आहे. माझ्या नोंदी पण. तुलाच ताडून बघायचंय. माझे डोळे चुकले असतील तर तसं लिही.

आणखी एक. आबांकडं पाटा-वरवंट्याला टाकी लावायची, म्हणजे तो खरबरीत करायची, छिन्नी आहे. ती मागून घेतली. मार्चात परत आलो तेव्हापासनं रोज पट्टी वाचून झाली की त्या पायरीवर बसतो आणि थोडं थोडं ठोकतो. आधी शेवाळ खरवडलं, मग दगड. हात बसायला वेळ लागला, पहिले दिवस नुसत्या ठिणग्याच उडाल्या. आता सगळी पायरी जात्याच्या तळीसारखी खरबरीत झालीय. वाडीतल्या बायका पण त्याच पायरीवरनं घागरी नेतात, खूश आहेत. साबणमामाचा आता पायरीमामा झालाय. रोज केलं हे काम. सोमवार सोडून.

समजा तू आलीस. गाडीतनं उतरलीस, काठी आबांच्या पडवीत ठेवलीस, आणि रानातनं खाली आलीस. त्या पायरीवर पाय टेकवलास, आणि तो सरकला नाही.

मग?

अभ्या